एकोणीस वर्षांच्या भावाला रॅपचा करार आला आहे. सही करू द्यावी का?

अक्का_पूर्वभाग (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आई विड्या वळते. वडील यंत्रमागावर होते. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून घर आईच्या हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर, माझ्या शिकवण्यांवर आणि धाकट्या भावाच्या पगारावर चालते. भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो टॉवेलच्या एका कारखान्यात लागला असून त्याला महिन्याला अकरा हजार रुपये मिळतात.

तो नववीपासून रॅप लिहितो. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी अशा तीन भाषांत तो वाढला आणि तिन्ही भाषा त्याच्या ओळींत एकमेकींच्या हातात हात घालून येतात. आमची खोली एकच आहे. अम्मा पहाटे पान भिजवायला उठते, म्हणून तो रात्री पांघरुणात तोंड घालून मोबाइलवर हळू आवाजात ओळी म्हणून पाहतो. रेकॉर्डिंग करायचे असेल तेव्हा दोरीवर दोन जाड चादरी टाकून त्यांच्यामध्ये उभा राहतो, म्हणजे बाहेरच्या मागांचा आवाज थोडा कमी येतो. मागच्या वर्षी त्याने आईवर एक गाणे केले. दिवसभर वळलेल्या विड्यांतून कारखान्यात छाट म्हणून ज्या बाजूला काढल्या जातात आणि ज्यांची मजुरी मिळत नाही, त्यांच्याविषयी ते आहे. ते यूट्यूबवर एक्केचाळीस हजार वेळा पाहिले गेले, पण त्यातून एक रुपयाही आला नाही, कारण गाण्यामागे वापरलेल्या तयार संगीतावर, म्हणजे बीटवर, कुणीतरी परदेशी माणसाने दावा लावला आहे.

आता मुंबईच्या एका संगीत कंपनीकडून अकरा पानांचा इंग्रजी करार आला आहे. मला समजले ते असे: पंचवीस हजार रुपये लगेच मिळतील, एक व्हिडिओ कंपनी करून देईल, सात वर्षे तो दुसऱ्या कुणासाठी गाणार नाही, आणि आतापर्यंतच्या व पुढच्या सर्व गाण्यांचे हक्क कायमस्वरूपी कंपनीचे असतील. शिवाय त्याने नोकरी सोडून किमान सहा महिने मुंबईत राहावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. भाऊ म्हणतो, "अक्का, अशी संधी परत येणार नाही." अम्मा काहीच बोलत नाही, आणि तिचे न बोलणे मला अधिक जड जाते.

सही करू द्यावी का? बीटवरच्या दाव्याचे काय करावे? आणि या व्यवसायात खरोखर पोट भरते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धोटा

ताई, मी मूळचा इचलकरंजीचा. आता पुण्यात एक लहानसा स्टुडिओ चालवतो. बीटविषयी मला बोलता येईल, कराराविषयी कुणी वकिलाने बोलावे.

आपल्या भावाने ते बीट बहुधा यूट्यूबवरून उतरवून घेतले असणार, आणि त्याखाली ते विनामूल्य असल्याचे लिहिले असणार. त्या विनामूल्य शब्दाचा अर्थ जवळजवळ नेहमी "कमाई करणार नसाल तर" एवढाच असतो. असे एकच बीट निर्माता अनेकांना भाड्याने देतो. त्याला लीज म्हणतात. त्या अनेकांपैकी कुणी एकाने आपले गाणे वितरकामार्फत यूट्यूबच्या ओळख-प्रणालीत नोंदवले, की तेच बीट वापरणाऱ्या बाकी सगळ्यांच्या गाण्यांवर आपोआप दावा लागतो. त्यात दावा करणाऱ्याचा दुष्टपणा असतोच असे नाही. यंत्राला फक्त सारखा आवाज ओळखता येतो, परवाना कुणाकडे आहे हे त्याला कळत नाही. दावा म्हणजे स्ट्राइक (वाहिनीवर लागणारी नियमभंगाची नोंद) नव्हे, हेही लक्षात घ्या. दाव्याने गाण्याची कमाई दुसरीकडे जाते. स्ट्राइक मात्र नव्वद दिवसांत तीन लागल्या तर वाहिनीच बंद होऊ शकते. भावाने बीटच्या निर्मात्याला लिहून लीज विकत घ्यावी आणि मिळालेला परवाना जोडून दाव्याला हरकत नोंदवावी. नवे, साधे लीज बहुतेक वेळा फार महाग नसते, पण त्यात किती वेळा ऐकले जाईपर्यंत ते चालेल याची मर्यादा घातलेली असते; ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परंतु मला खरे सुचवायचे आहे ते वेगळेच. आपण लिहिले आहे की तो चादरी टाकून मागांचा आवाज अडवतो. तो आवाज त्याने अडवू नये, टिपावा. साध्या यंत्रमागाचा धोटा (आडवा धागा नेणारा भाग) मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे वेळा इकडून तिकडे जातो, आणि रॅपची पुष्कळ गाणी त्याच वेगाच्या आसपास असतात. मी लहानपणी झोपेतसुद्धा तो ठेका ऐकत असे. माग बंद पडला की जाग यायची. मागाची खटखट हा त्याचा ड्रम झाला. अम्माची पान कापण्याची कात्री, सुपातली तंबाखू सारखी करतानाची सळसळ, विडीला दोरा बांधून तोडतानाचा बारीक आवाज, हे सगळे मोबाइलवर चांगले टिपता येते. फक्त पंखा बंद ठेवावा आणि मोबाइल हातात न धरता कापडाच्या घडीवर ठेवावा. मोफत मिळणाऱ्या ध्वनिसंपादन प्रणालीत ते तुकडे तालात बसवायला आठवडाभर लागेल. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क असणार नाही. कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये आपले पहिले गाजलेले गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याच आयपॅडवर चित्रित केले. साधने नाहीत म्हणून तो थांबला नव्हता.

कमाईविषयी थोडक्यात. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले जावे लागतात. स्पॉटिफाय 2024 पासून असे गाणे मोबदल्यासाठी धरतच नाही, जे मागच्या बारा महिन्यांत हजारदासुद्धा ऐकले गेलेले नाही. तेव्हा एक्केचाळीस हजार हा आकडा मान वर करायला पुरेसा आहे, पण किराणा भरायला नाही.

कलम_अठरा

मी वकिली करते. करार प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अंतिम मत देणे योग्य नाही, तरीही आपण दिलेल्या माहितीवरून काही गोष्टी स्पष्ट सांगता येतात.

पहिली गोष्ट अशी की शब्द लिहिले त्या क्षणी त्यांचा स्वामित्वहक्क आपल्या भावाचा झाला. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे पंचवीस हजार रुपयांत कंपनी एक गाणे विकत घेत नसून, त्याची नातवंडे म्हातारी होईपर्यंत जे उत्पन्न येऊ शकते ते सर्व मागत आहे. असे आकडे मांडले की घरातली चर्चा थोडी बदलते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम 18 मध्ये असे आले की गीतकार व संगीतकार यांना आपल्या रचनेच्या वापराचे मानधन, म्हणजे रॉयल्टी, मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही. तो हक्क वारसांना किंवा स्वामित्वहक्क संस्थेलाच देता येतो. बाकी कुणाशी असा करार केला तर तेवढा भाग रद्दबातल ठरतो. त्यामुळे करारात "एकरकमी मोबदल्यात सर्व रॉयल्टी" असे वाक्य असेल तर घाबरून जाऊ नका, पण ते काढून टाकण्याचा आग्रह धरा. कायदा आपल्या बाजूने असणे आणि सात वर्षांनी मुंबईच्या न्यायालयात तो सिद्ध करत बसणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. भावाने गीतकार म्हणून आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. ही संस्था 1969 पासून आहे आणि रॉयल्टी गोळा करून थेट सभासदाच्या खात्यात देते.

काही जण आपल्याला सांगतील की कायद्यानुसार हक्क पाच वर्षांनी आपोआप परत येतो. कलम 19 मधील ती तरतूद करारात मुदत लिहिलेलीच नसेल तेव्हा लागू होते. आपल्या करारात "कायमस्वरूपी" हा शब्द आहे, म्हणून तिचा आधार घेता येणार नाही. त्याचप्रमाणे प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता दिला असे समजले जाते; या करारात बहुधा संपूर्ण जग आणि वर अंतराळसुद्धा असेल. (मी थट्टा करत नाही. असे मसुदे मी वाचले आहेत.)

आता आपण न लिहिलेल्या दोन कलमांकडे पाहा; ती असणारच. एक वसुलीचे: पंचवीस हजार आणि व्हिडिओचा खर्च "आगाऊ" म्हणून धरलेला असतो आणि तो भावाच्या वाट्यातून फिटेपर्यंत त्याला काही मिळत नाही. व्हिडिओचा खर्च कोण ठरवणार, त्याच्या पावत्या मिळणार का, वर कमाल मर्यादा किती, हे लिहून घ्या. दुसरे हानिपूर्तीचे: गाण्यावरून खटला झाल्यास सर्व खर्च गायकाने द्यायचा. आपल्या भावाच्या गाण्यात विडी कारखान्याचे नाव आहे का? असल्यास आधी ते काढावे. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, आणि छाटाची व्यथा नाव न घेताही तितकीच पोहोचते.

मी असते तर एवढेच मागितले असते: करार एका गाण्याचा, मुदत तीन वर्षे, ध्वनिमुद्रणाचा हक्क तेवढ्यापुरता कंपनीचा, शब्दांचा हक्क भावाचा, जुनी गाणी वगळलेली आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. मसुदा तपासून घेण्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. अल्प उत्पन्न असणाऱ्यांना तेथे विनामूल्य सल्ला मिळतो.

कडक_चहा

सहा महिने मुंबईत खायचे काय? एवढा एकच प्रश्न भावाला विचारा. नाद सोडा आणि वायरमनचा परवाना काढा.

अक्का_पूर्वभाग

सर्वांचे आभार. कडक_चहा यांना राग न मानता सांगते की परवान्याचा अर्ज त्याने दोन महिन्यांपूर्वीच केला आहे. नाद आणि पोट या दोन्ही गोष्टी त्याने आजवर एकत्रच ओढल्या आहेत.

वकीलताई, आपण म्हणता ती दोन्ही कलमे करारात आहेत. गाण्यात कारखान्याचे नाव एकदा येते. आणखी एक गोष्ट मला कालच कळली आणि रात्रभर झोप लागली नाही: भाऊ सतरा वर्षांचा असताना शहरातल्या एका कार्यक्रम आयोजकाने त्याच्याकडून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर "पाच वर्षांची सर्व गाणी आमची" अशी सही घेतली आहे. तो कागद आता आडवा येईल का?

कलम_अठरा

नाही. अठरा पूर्ण होण्यापूर्वी केलेला करार मुळातच शून्य असतो. 1872 च्या करार कायद्याचे कलम 11 आणि प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचा) 1903 चा मोहरीबीबी खटल्यातील निकाल यांमुळे हा मुद्दा शंभर वर्षांहून अधिक काळ पक्का आहे, आणि सज्ञान झाल्यावर नुसते "मला मान्य आहे" म्हटल्याने तो कागद जिवंत होत नाही. फक्त आता त्या आयोजकाने त्याच मजकुरावर नव्याने सही मागितली तर देऊ नये. भावाचा जन्मदाखला आणि त्या कागदाची छायाप्रत एकत्र जपून ठेवा.

जुने_मास्तर

मी बार्शीत पस्तीस वर्षे मराठी शिकवली. रॅप मला पूर्वी आवडत नसे, हे आधीच कबूल करतो. नातवाने ऐकवल्यावर लक्षात आले की मी ज्याला नवखे समजत होतो, त्यातले पुष्कळसे माझ्याच अंगणातले आहे. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर फडात समोरासमोर उभे राहून कूट प्रश्न घालत आणि जागच्या जागी कवनातून उत्तर देत. आजची मुले ज्याला बॅटल म्हणतात ते याहून फार निराळे नाही. आपल्या सोलापूरचाच रामजोशी तमाशाच्या नादापायी घराबाहेर काढला गेला, पंढरपुरास जाऊन शास्त्रे शिकला आणि परत येऊन ती सगळी विद्या त्याने लावणीत ओतली. आणि आमच्या बार्शीत 1916 मध्ये जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला. त्यालाच पुढे महाराष्ट्राने अमर शेख म्हणून ओळखले. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्याने 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्याकडे डफ आणि आवाज यांपलीकडे फारसे काही नव्हते.

हे सारे आपल्या भावाची पाठ थोपटण्यासाठी लिहिलेले नाही. मला एक शंका विचारायची आहे. ती छाटाची कहाणी आईची आहे. गाणे करण्यापूर्वी त्याने तिला विचारले होते का? आणि कंपनी जो व्हिडिओ करणार आहे, त्यात तिला कशी दाखवणार आहेत? आपण लिहिता की आई काहीच बोलत नाही. तिला कराराची भीती वाटत असेल असे आपण धरून चालला आहात. कदाचित तिला आपले फाटके घर साऱ्या जगाने पाहावे ही कल्पनाच सोसत नसेल. शाहीर दुःख मांडीत, पण ते समोर बसलेल्या आणि तेच दुःख भोगणाऱ्या माणसांपुढे मांडीत. यूट्यूबवर समोर कोण बसले आहे, हे गाणाऱ्याला दिसत नाही.

कुर्ला_लोकल

मास्तरांच्या शंकेवर मला लिहिलेच पाहिजे, कारण मी ती चूक केली आहे.

मी एकोणतीस वर्षांचा आहे, दहा वर्षे रॅप करतो आणि दिवसा एका गोदामात काम करतो. 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचे गाणे आले तेव्हा आमच्या चाळीतल्या प्रत्येक पोराच्या वहीत ओळी उमटू लागल्या. 2019 मध्ये "गली बॉय" आल्यावर तर कॅमेरे घेऊन माणसे गल्लीत शिरू लागली. त्यांतल्या एका कंपनीने माझा व्हिडिओ केला. आमच्या घराला नुकताच रंग दिला होता, म्हणून त्यांनी शेजारच्या गळक्या खोलीत चित्रण केले आणि माझ्या आईला तिथल्या चुलीपुढे बसवले. आमच्याकडे तेव्हा गॅस होता. आई त्या दिवशी हसून बसली, पण तो व्हिडिओ तिने आजवर पाहिलेला नाही. तेव्हा मला कळले नाही, आता कळते: कंपनीला माझा फ्लो, म्हणजे शब्द म्हणण्याची माझी लय, नको होती, माझी गरिबी हवी होती, आणि जेवढी होती तेवढी तिला पुरत नव्हती. म्हणून करारात आणखी एक ओळ घाला की घर, आई आणि तिचे काम यांचे चित्रण तिच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही, आणि अंतिम संकलन भावाला दाखवूनच प्रसिद्ध होईल.

मुंबईत सहा महिने राहण्याची अट मात्र मला मुळीच पटत नाही. भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहूनही महिना पंधरा हजारांखाली निघणे कठीण आहे, आणि स्टुडिओची पाळी यायला जे दिवस वाट पाहण्यात जातात त्यांचा हिशेब कुणी देत नाही. गाणे मोबाइलवर पाठवता येते. ध्वनिमुद्रणासाठी चार दिवस रेल्वेने यावे आणि परत जावे; कंपनीला तिकिटाचे पैसे द्यायला लावावेत. यायचेच तर धारावीत मुलांना विनाशुल्क हिप-हॉप शिकवणारी शाळा आहे, तिथे एक दिवस बसून यावे. तिथल्या पोरांत त्याला त्याच्या वयाचे सोबती भेटतील आणि कोणत्या कंपनीपासून दूर राहावे हेही कळेल.

खरी कमाई कार्यक्रमांतून होते. स्वदेशी या मुंबईच्या गटाने 2019 मध्ये आरेच्या जंगलातील आदिवासी पाड्यात राहणारे प्रकाश भोईर यांच्याबरोबर गाणे केले. मोठ्या कंपनीशिवायही ते दूरवर ऐकले गेले, कारण ते कुणासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते. आपल्या भावाचे श्रोते विडी कामगारांच्या घरकुलांत आहेत. तिथल्या मंडळांत गणपतीत दहा मिनिटे मागून पाहावीत. आणि वकीलताईंनी बजावले आहेच, हानिपूर्तीचे कलम हलके घेऊ नये. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय आशयाच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. अशा वेळी पोलीस ठाण्यात गायकालाच जावे लागते.

अक्का_पूर्वभाग

आज रविवार. सकाळी अम्मा पाने कापत बसली असताना मी मास्तरांची शंका तिला तेलुगूतून सांगितली. ती म्हणाली की गाण्याबद्दल तिची तक्रार नाही, पण गाण्यात भाऊ म्हणतो की तिच्या रोज दोनशे विड्या छाटात जातात, आणि ते खोटे आहे. "माझा हात इतका वाईट नाही," एवढेच बोलली. आम्ही दोघेही गप्प झालो. भावाने ती ओळ यमक जुळावे म्हणून लिहिली होती.

त्याने ती ओळ आणि कारखान्याचे नाव दोन्ही काढले आहे. कंपनीला आम्ही एका गाण्याचा, तीन वर्षांचा मसुदा पाठवत आहोत. मंगळवारी विधी सेवा प्राधिकरणात जाऊन तो आधी तपासून घेऊ. कंपनी नाही म्हणाली तर नाही. नोकरी तो सोडणार नाही, हे त्याने स्वतःच सांगितले.

धोटा यांना एक विचारायचे आहे. दुपारी त्याने कात्रीचा आवाज टिपला, पण अम्मा मध्येच थांबते, पान उलटते आणि मग पुन्हा कापते, त्यामुळे ठेका सारखा येत नाही. तो तुकडे कापून सरळ करायला बसला आहे. तसे करावे, की ती थांबते तिथे थांबू द्यावे?

धोटा

थांबू द्यावे. मागाचा ठेका खाली सरळ चालू ठेवा आणि कात्री त्यावर तिच्या मनाने येऊ द्या. मला फाइल पाठवा. मिक्सिंग मी करून देतो, पैसे नकोत. फक्त पान उलटण्याचा आवाज कापू नका.